बोलेरो निओ की निओ प्लस? लांब गाडी खरंच लागते का (सांगली)

द्राक्षबाग_तासगाव

नमस्कार मंडळी. गाडी घ्यायची आहे आणि घरात सरळ दोन पार्ट्या पडल्यात. मी म्हणतोय महिंद्राची बोलेरो निओ, साधी, चार मीटरच्या आतली. वडील म्हणतायत घ्यायचीच तर निओ प्लस घे, नऊ सीटची, परत परत गाडी घेणं हुतंय व्हय, सगळी एका गाडीत बसली पाहिजेत. घरात माणसं नऊच आहेत, आई-वडील, मी, बायको, दोन पोरं, थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलगी. राहायला विश्रामबागला, बाग मणेराजुरीकडं, तिकडं सारखं जाणं-येणं, शेवटचा तुकडा कच्चा, पावसाळ्यात तर चिखलच. वर्षातनं जोतिबा, नरसोबाची वाडी, पालीचा खंडोबा, उन्हाळ्यात जमलं तर कोकण. म्हणून लॅडर फ्रेम (ट्रकसारखी खाली शिडीच्या आकाराची चौकट) आणि मागच्या चाकांना ताकद असलेलीच गाडी पाहिजे, त्यावर वाद नको, तो वाद घरात झालाय आणि मी जिंकलोय.

कागदावर बघितलं तर निओ ३९९५ मिलिमीटर आणि प्लस ४४००. म्हणजे एक फूट चार इंच फरक. वडलांचं म्हणणं एवढ्यानं काय बिघडतंय, उलट चार माणसं जास्त बसत्यात. कुणी वापरलीय का दोन्ही? बजेट ऑन-रोड तेरापर्यंत ताणता येईल.

मिरजकर

पाटील (असालच असं धरून चालतो), चार नाही, दोनच माणसं जास्त. निओ सात सीटर आहे, पुढं दोन, मधे तीन, मागं दोन आडव्या सीट. प्लस दोन-तीन-चार. म्हणजे पुढचं सगळं तेच, फक्त शेवटच्या खणात दोनाचे चार झाले.

आणि खरा मुद्दा एक फूट चार इंचाचा नाहीच, तो एक फूट चार इंच गेला कुठं हे बघा. दोन्ही गाड्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकापासनं मागच्या चाकापर्यंतचं अंतर, २६८० आहे. एक मिलिमीटरचा फरक नाही. मग वाढलेलं सगळंच्या सगळं मागच्या चाकाच्या पाठीमागं लोंबतंय. मधल्या सीटवर बसणाऱ्याला गुडघ्याला बोटभर जागा जास्त मिळत नाही. ज्यांना आरामाची गरज आहे ते आई-वडील मधे बसणार, त्यांच्यासाठी दोन्ही गाड्या एकच. वडलांना हे सांगा, पटतंय का बघा.

एर्टिगा_झिंदाबाद

एर्टिगा घ्या आणि विषय संपवा. ४३९५ लांबी, तिसरी रांग पुढं तोंड करून बसते, सीएनजी मिळतंय.

द्राक्षबाग_तासगाव

वर लिहिलंय की राव, लॅडर फ्रेम. तुम्ही एकदा आमच्या बागेच्या रस्त्यानं जुलैमधे या एर्टिगा घेऊन, ट्रॅक्टर मी आणतो.

एमएच११_यवतेश्वर

मिरजकरांनी बरोबर जागी बोट ठेवलंय, घाटातलं मी सांगतो कारण आमचं रोजचं येणं-जाणं यवतेश्वर घाटातनं साताऱ्यात. चाकाच्या मागं गाडी लांब असली की वळणावर ढुंगण बाहेर फेकतंय. तुम्ही पूर्ण स्टिअरिंग कापून वळता तेव्हा पुढचं तोंड आत जातंय आणि मागचा कोपरा वळणाच्या उलट्या बाजूला सरकतोय. हायवेला हे कधी कळणार नाही. पसरणी घाटात एसटी समोरनं आली आणि तुम्ही कठड्याला किंवा डोंगराला चिकटून थांबला असाल, मग स्टिअरिंग तोडून निघायला गेलात की तिथं कळतंय. आमच्या मामांची एक अशीच लांब शेपटाची गाडी होती, नाव घेत नाही, तिचा मागचा डावा कोपरा कायम रंग गेलेलाच असायचा आणि मामा कायम म्हणायचे कुणीतरी घासून गेला.

आणखी एक, शेतात जाताना ओघळ असतोय बघा, पाणी जाऊन पडलेला. पुढची चाकं चढतात, मागची खाली असतात, तेव्हा बंपर टेकायला किती कोन शिल्लक आहे हे मागच्या शेपटावर ठरतं. शेपूट लांब तेवढा कोन कमी. तुमचा बागेचा रस्ता बांधावरनं चढत असेल तर छोटी निओ घ्या, डोळे झाकून.

पण वळायला जागा किती लागते म्हणाल तर फार फरक नाही, कारण व्हीलबेस सेम. हेही खरं.

हळदपेठ

पैशाचं कुणी बोलेना म्हणून मी बोलतो, मी अकाउंटवाला माणूस.

चार मीटरची भानगड २००६ च्या बजेटपासनं आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत, पेट्रोल असेल तर १२०० पर्यंत, तर ती सरकारच्या लेखी लहान गाडी. २२ सप्टेंबर २०२५ पासनं जीएसटी बदलला, लहान गाडीला १८ टक्के आणि बाकी पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के, वरचा सेस (जादा उपकर) गेला. निओचं इंजिन १४९३ सीसी, लांबी ३९९५, दोन्ही बाजूनं कशीबशी आत बसते. प्लसला २.२ लिटरचं इंजिन आणि ४४०० लांबी, म्हणजे दोन्ही बाजूनं बाहेर. एक फूट चार इंचासाठी तुम्ही कराचा सगळा टप्पाच ओलांडताय.

वर आरटीओचा एकरकमी कर. महाराष्ट्रात डिझेलला दहा लाखांपर्यंत १३ टक्के, दहा ते वीस १४ टक्के. आणि हे लोक विसरतात, इन्शुरन्स. थर्ड पार्टीचा हप्ता लांबीवर नाही, सीसीवर असतो. जून २०२२ पासनंच्या दरानं नव्या गाडीला तीन वर्षांचा एकदम भरायचा, १००० ते १५०० सीसीला १०,६४० आणि १५०० च्या वर २४,५९६. जीएसटी वेगळा. सुरुवातीलाच चौदा हजार गेले आणि पुढं दरवर्षी फरक राहणारच.

टोलला मात्र काही फरक नाही. कार-जीप-व्हॅन एकच वर्ग, तासवडे टोलनाक्याला दोघांनाही तेवढाच. वार्षिक पास काढला तरी दोघांनाही सारखाच.

कराडचा_डिझेल

सगळे प्लसच्या मागं हात धुऊन लागलेत म्हणून दुसरी बाजू. हळदपेठ भाऊ, जास्तीच्या पैशात नुसतं शेपूट येत नाही, इंजिन पण येतं. निओला १०० पीएस ताकद, २६० न्यूटन मीटर ओढ (टॉर्क), पाच गिअर. प्लसला १२० पीएस, २८० न्यूटन मीटर, सहा गिअर. भरलेली गाडी घेऊन खंबाटकी चढताना तो फरक पायाला कळतो, आणि सहाव्या गिअरला हायवेला इंजिन शांत चालतं.

माझा केटरिंगचा धंदा. आचारी, वाढपी धरून आठ माणसं पहाटे कार्यालयावर पोचवायची. भांडी वेगळ्या टेम्पोत. मला प्लसच पाहिजे होती, कारण माझी माणसं तरणी आहेत, मागच्या दारानं उड्या मारून चढतात आणि समोरासमोर बसून गप्पा हाणत जातात. त्यांना आडव्या सीटचं काही नाही. एकात भागतंय म्हणून दुसरी गाडी, दुसरा ड्रायव्हर वाचला. असा वापर असेल तर हिशेब जमतो. आठ माणसं रोज, का वर्षातनं कधीतरी, एवढं ठरवा.

रेवती_माधवनगर

एक विचारू का? आठवी-नववी माणसं कोण, हे कुणीच लिहिलं नाही.

मी सांगते. पुढं तुम्ही चालवणार, शेजारी तुमचे वडील. मधे आई, थोरले भाऊ, आणि एखादं लहान पोरगं. राहिल्या कोण? दोन्ही जावा आणि उरलेली दोन पोरं. त्या बसणार मागं, आडव्या सीटवर, गुडघ्याला गुडघा लावून, मांडीवर नैवेद्याची पिशवी आणि पायात पाण्याचा कॅन. पुढं बघायचं तर मान सारखी वळवून ठेवायची. आमच्या सासरच्या गाडीत मी अशी बसून कोकणात गेलेय. घाटात वळण आलं की समोर तोंड करून बसलेला माणूस डावीकडं-उजवीकडं कलतो, तिथं सीटच्या बाजूचा आधार असतो. आडवं बसलेला माणूस ब्रेक लागला की शेजारणीच्या अंगावर आणि वेग घेतला की दाराकडं. कुंभार्ली उतरेपर्यंत पोरांनी दोन पिशव्या भरल्या, आणि त्या पिशव्या धरून बसायचं काम कुणाचं हे वेगळं सांगायला नको.

चढायचं पण बघा. मागचं दार आडवं उघडतं, त्याला स्टेपनी लटकलेली, ते ओढून पायरीवर पाय ठेवून वाकून आत शिरायचं. साडी नेसून करून बघा एकदा. म्हणजे तुम्ही नाही, घरात ज्यांना करायचंय त्यांना शोरूमला न्या आणि चढायला लावा. मग त्या सांगतील नऊ सीटर घ्यायची का.

मिरजकर

ताई, हे लाखातलं एक बोललात.

एमएच११_यवतेश्वर

+१. आणि अपघातात आडव्या सीटवरचा माणूस सगळ्यात उघडा. पट्टा, हेडरेस्ट, एअरबॅग हे सगळं समोर तोंड करून बसणाऱ्यासाठी आखलेलं असतं. ग्लोबल एनकॅपनं (गाड्या आपटून सुरक्षेला पाचपैकी स्टार देणारी संस्था) एप्रिल २०२४ मधे निओचा निकाल दिला तो एक स्टारचा होता, मोठ्यांना पण आणि मुलांना पण. हे माहीत असून घ्यायची तर घ्या, मी कोण सांगणारा, पण पोरं मागं कोंबताना एवढं डोक्यात असू द्या.

डॅलसचा_विटेकर

मूळ विट्याचा, सध्या टेक्ससमधे. धागा वाचून मजा वाटली कारण इथं हाच वाद टाहो का सबर्बन असा चालतो. शेव्हरोलेच्या दोन गाड्या, इंजिनं तीच, तोंड तेच, डॅलसजवळ आर्लिंग्टनला एकाच कारखान्यात बनतात. सबर्बन हे नाव १९३५ पासनं चालू आहे. टाहो साधारण ५३५० मिलिमीटर, सबर्बन ५७३० च्या वर, म्हणजे बरोबर पंधरा इंच जास्त. तुमच्या निओ-प्लसच्या फरकाएवढीच वाढ म्हणा.

पण इथं गंमत अशी की त्या पंधरातले तेरा इंच व्हीलबेसमधे घातलेत, १२०.९ चा १३४.१ इंच. चाकाच्या मागं जेमतेम दोन इंच गेले. म्हणून सबर्बनमधे तिसऱ्या रांगेत मोठा माणूस पाय मोकळे करून बसतो आणि त्याच्याही मागं सामानाला टाहोच्या दीडपटीपेक्षा जास्त जागा राहते, २५.५ घनफुटाची ४१.५. इथं लोक सबर्बन घेतात ते माणसांसाठी नाहीच, सामानासाठी. माणसं दोन्हीत तेवढीच बसतात. दोष विचाराल तर वळायला मैदान लागतं आणि मॉलच्या पार्किंगमधे नाक बाहेर राहतं. सांगलीच्या कापड पेठेत ती गाडी घातली तर दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येईल.

सांगायचं म्हणजे लांबी दोन ठिकाणी वाढवता येते. चाकांच्या मधे वाढवली तर माणसाला सुख, चाकांच्या मागं वाढवली तर नुसती मोजणी वाढते. मधे वाढवायची तर चासी (खालचा सांगाडा) नव्यानं करावी लागते, खर्च येतो, म्हणून स्वस्त गाडीत मागं वाढवतात. कंपनीचं चूक नाही, त्या किमतीत तेच परवडतंय.

हळदपेठ

मग आपल्याकडं चाकांच्या मधे वाढवलेली कुठली?

मिरजकर

ह्युंदाई क्रेटाची अल्काझार. व्हीलबेस क्रेटाचा २६१०, अल्काझारचा २७६०, पंधरा सेंटिमीटर चाकांच्या मधे. एकूण लांबी ४३३० ची ४५६० झाली. तिसरी रांग तरी पण पोरांचीच, आणि तिन्ही रांगा उभ्या असल्या की डिकी १८० लिटर, दोन बॅगा कशाबशा.

उलटं उदाहरण टाटाची हॅरिअर आणि सफारी. व्हीलबेस दोघांचा २७४१. सफारी फक्त सहा-साडेसहा सेंटिमीटरनं लांब आणि तेवढ्यात सीटची अख्खी रांग जास्त. जागा आली कुठनं? हॅरिअरच्या डिकीतनं. २०२१ ला सफारी आली तेव्हा तिसरी रांग उभी केल्यावर मागं ७३ लिटर राहायचे, म्हणजे एक हँडबॅग आणि छत्री. सात माणसं न्या नाहीतर सात माणसांच्या बॅगा न्या, दोन्ही नाही. पण तिथं निदान सीट समोर तोंड करून आहेत आणि दोन्हीला पाच स्टार.

द्राक्षबागवाले, ह्या दोन्ही तुमच्या बजेटच्या आणि चिखलाच्या बाहेर, मी फक्त विचारलं म्हणून लिहिलं.

नरसोबावाडी_लोकल

एक साधा प्रश्न. थोरले भाऊ तुमच्याबरोबर राहतात का बाहेर?

द्राक्षबाग_तासगाव

पुण्याला असतो, हडपसर. दिवाळी, जत्रा आणि द्राक्षाच्या सीझनला येतो.

नरसोबावाडी_लोकल

येतो कशानं?

द्राक्षबाग_तासगाव

त्याच्या गाडीनं.

नरसोबावाडी_लोकल

…

एर्टिगा_झिंदाबाद

😂😂 धागा बंद करा ॲडमिन

कराडचा_डिझेल

म्हणजे नऊ माणसं जेव्हा जेव्हा एकत्र येणार तेव्हा तेव्हा दारात दुसरी गाडी उभीच असणार! पाटील तुम्ही आम्हाला अल्काझारपासनं अमेरिकेपर्यंत फिरवून आणलंत की.

द्राक्षबाग_तासगाव

हसा, हसा. पण वडलांचं म्हणणं समजून घ्या. जोतिबाला जाताना दोन गाड्या केल्या की एक पुढं जाते, एक टोलला अडकते, एका गाडीत नारळ आणि दुसऱ्या गाडीत आई. त्यांना सगळी एकत्र पाहिजेत, गप्पा मारत. त्यात चूक काय नाही. आज सकाळी मी त्यांना रेवतीताईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं, ते काय बोलले नाहीत, पण आई आतनं म्हणाली, "बरोबर लिहिलंय बाईनं."

दुसरं, काल टेप लावला. आमच्या घराला पुढं पोर्च आहे, पायरीच्या दगडापासनं लोखंडी गेटपर्यंत १४ फूट ९ इंच. गेट सरकतं नाही, दोन पाखांचं, पण बाहेर उघडतं म्हणून ते धरलं नाही. निओ १३ फूट दीड इंच, म्हणजे दीड फुटाच्या वर मोकळं. प्लस १४ फूट साडेपाच इंच. आत जाते, पण पुढं-मागं मिळून साडेतीन इंच. पुढचा बंपर पायरीला चिकटवला तरच गेट लागणार.

मिरजकर

आणि मागचं दार?

द्राक्षबाग_तासगाव

तेच म्हणतोय. मागचं दार वर उचलायचं नाही, बाजूला उघडायचं आहे, स्टेपनीसकट. गेट लावलेलं असताना प्लसचं मागचं दार किलकिलं पण होणार नाही. म्हणजे सामान काढायला दर वेळी गेट उघडा, गाडी रस्त्यावर घ्या, मग दार उघडा. निओचं पण पूर्ण नाही उघडणार दीड फुटात, पण हात घालून पिशवी काढण्याइतकं उघडतंय, शेजारच्यांची निओ आहे ती आमच्या पोर्चमधे लावून बघितली.

एमएच११_यवतेश्वर

हे बेस्ट केलंत. लोक लाखो रुपयांची गाडी घेतात आणि शंभर रुपयांचा टेप लावत नाहीत. त्यात सांगली म्हटल्यावर पुराचं पण बघा, पाणी वाढलं की अख्ख्या गावठाणातल्या गाड्या विश्रामबागच्या गल्ल्यांत येऊन लागतात म्हणे, तेव्हा पाहुण्यांची गाडी कुठं लावणार.

द्राक्षबाग_तासगाव

२०१९ ला आमच्या गल्लीत दुतर्फा गाड्या होत्या, चालायला वाट नव्हती. पोर्चमधे मावण्याचं महत्त्व तेव्हाच कळलंय.

हळदपेठ

मग ठरलं का?

द्राक्षबाग_तासगाव

निओ. वडील तयार झाले, पण एका अटीवर, की मागच्या दोन आडव्या सीट काढून टाकायच्या नाहीत, पाहुणे आले तर लागतील. मी म्हटलं राहू दे, दुमडून ठेवू, एरवी बेदाण्याचे बॉक्स आणि औषधाचे कॅन जातील. वरच्या मॉडेलला मागच्या एक्सलचं लॉकिंग डिफरन्शिअल मिळतंय, एक चाक चिखलात फिरत राहिलं तर दुसऱ्याला ताकद देतंय, ते घेणार आहे. वाचलेल्या पैशात तेवढं बसतंय.

मनातली एकच खंत, ते २.२ चं इंजिन निओत दिलं असतं तर सोनं झालं असतं.

हळदपेठ

मग ती १८ टक्क्यांत राहिली नसती आणि तुम्ही इथं येऊन महाग आहे म्हणून रडला असता.

कराडचा_डिझेल

टेस्ट ड्राइव्ह घ्यायला शोरूमच्या भोवती चक्कर मारून येऊ नका. पाच माणसं बसवा, एसी चालू करा आणि एखाद्या चढाला दुसऱ्या गिअरमधे घालून बघा. १०० पीएस पुरतंय का ते तिथं कळेल. मला नाही पुरलं, तुम्हाला पुरेल, तुमचा वापर वेगळा आहे.

रेवती_माधवनगर

आणि वहिनींना विचारलंत का, रंग कुठला?

द्राक्षबाग_तासगाव

पांढरा नको म्हणालीय, बागेची धूळ दिसते म्हणून. वडलांना पांढराच पाहिजे. रविवारी जातोय सगळे, भावाला पण बोलावलंय.

एर्टिगा_झिंदाबाद

किती गाड्यांनी?